थामचं पोट आणि गुरुजींची घटका

व्हिएतनाममधल्या हायफाँगच्या बायका मुळातच फटकळ, त्यात थाम म्हणजे तर विचारूच नका. बंदराच्या रस्त्यावर खेकड्याच्या रश्श्यातल्या नूडल्स विकायची. गिऱ्हाइकाने जास्त मिरची मागितली, तर आधी त्याच्या पोटाची चौकशी करायची आणि मग मिरची द्यायची. असल्या बाईला तिच्या सासूने, न्यानबाईंनी, जेवता जेवता सांगितलं, "पत्रिका बघणाऱ्या गुरुजींनी घटका काढून दिलीय. अकरावी तिथी, सकाळची ड्रॅगनची घटका, सात ते नऊ. दवाखान्यातही बोलून ठेवलंय."

थामने वाडगा खाली ठेवला. "कसली घटका?"

"बाळाला बाहेर काढायची, आणखी कसली? या घटकेचा पोरगा साहेब होतो, साहेब!"

आता थामच्या डॉक्टरीणबाई, ओआन्ह, सांगत होत्या की बाळाचं डोकं खाली आहे, सगळं ठीक आहे, दिवस भरू द्या, कळांची वाट बघा. पण ऐकतंय कोण? त्या गल्लीत कित्येक वर्षांत एकही पोर आपल्या मर्जीने जन्मलं नव्हतं. चांगल्या तिथीला दवाखान्याच्या दारात गरोदर बायकांची ही रांग लागायची.

"आई, माझं पोट म्हणजे नव्या वर्षाचं कलिंगड नाही, मुहूर्त बघून चिरायला."

नवरा ख्वात बंदरावर भलीमोठी क्रेन चालवायचा, पण आईपुढे त्याचा आवाज फुटायचा नाही. "अगं, सगळेच करतात," तो पुटपुटला. "कळासुद्धा सोसायला नकोत."

"मग तूच झोप टेबलावर."

समोर जाऊ बसली होती, मेन. गुरुजींच्या घटकेपायी तिच्या मुलाला दिवस भरायच्या आत बाहेर काढलं होतं. त्याला श्वास घेता येईना. बिचारा काचेच्या पेटीत नाकात नळी घालून पडला होता, आणि घरचे म्हणत होते, बघा, घटका चांगली म्हणून वाचला! मेनने मान खाली घातली आणि भात चिवडत राहिली. थामला ते बघवेना. भीती वाटत होती तिला, खरीखुरी भीती, आणि भीती वाटली की ती आणखी चिडायची.

"सुरीला मी भीत नाही," ती म्हणाली. "रोज हातात असते. लागली तर कापा म्हणेन. पण लागली तर! गुरुजींना हौस आली म्हणून नाही."

अकराव्या तिथीला न्यानबाईंनी पिशवी भरली, दारात टॅक्सी बोलावली. थामने एप्रन बांधला आणि सरळ नूडल्सच्या गाडीवर जाऊन रस्सा उकळायला ठेवला. मागोमाग सासूबाई आल्या. भर गिऱ्हाइकांत ओरडल्या, "नातवाचं राज्य घालवलंस, करंटे!"

"राज्य करायचंच असेल तर पुढच्या आठवड्यातही करेल. बसा, नूडल्स देऊ?"

गिऱ्हाइकं वाडग्यात तोंड घालून हसली. न्यानबाईंनी बोलणं टाकलं.

पुढच्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. सकाळभर थामने त्या दवाखान्यात सोसल्या. मधूनमधून ख्वातच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला, तो त्यानेही निमूट ऐकला. दुपारी ओआन्हबाईंचा चेहरा बदलला. प्रत्येक कळेला बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावत होते, आणि मंदावलेले लवकर वर येत नव्हते.

"नाळ दाबली जात असावी. आता कापायला हवं," त्या म्हणाल्या. "लगेच. सही करा."

परिचारिकेने कागद ख्वातच्या हातात दिला. न्यानबाई मधे आल्या.

"आत्ता नको! ही घटका वाईट आहे हो. या घटकेचं पोर हाती लागत नाही. एवढी टळू द्या, मग काय हवं ते कापा." मग त्या थामकडे वळल्या. "तेव्हा सुरी नको म्हणून थयथयाट केलास, आणि आता घाई?"

"घटका टळेपर्यंत बाळ तग धरेल याची खात्री मी देणार नाही," ओआन्हबाई म्हणाल्या.

ख्वातने पेन उघडलं आणि आईकडे बघितलं. बस्स. थामने कळेतच एका कोपरावर उठून तो कागद हिसकावला. सही वेडीवाकडी झाली.

"नाही म्हणाले तेव्हा पोट माझंच होतं. आता हो म्हणतेय, तेव्हाही माझंच आहे. चला डॉक्टरीणबाई!"

मुलगी झाली. आधी निळसर, मग लाल, आणि मग असं भोकाड पसरलं की थाम कमरेखाली बधिर पडल्या पडल्याच हसली आणि हसता हसता रडली.

संध्याकाळी न्यानबाई खाटेपाशी आल्या. डोळे सुजलेले. नातीकडे बघून त्यांचा जीव वितळत होता, तोंडात मात्र तेच. "गोड आहे गं. पण वाईट घटकेची. देवळात जाऊन देवाला विकून येते. नावापुरती देवाची, वाढवायची आपणच. पीडा टळेल."

"आई, घटका वाईट होती, ते खरंच." थामचा आवाज बसला होता, पण शब्द सुटे सुटे येत होते. "वाईट होती म्हणूनच तिला आत राहू दिलं नाही."

न्यानबाईंनी नातीला घ्यायला हात पुढे केले.

"आणि विकायची नाही. देवालासुद्धा नाही. घ्यायचीय ना तिला? मग आधी हात धुऊन या."

न्यानबाईंना हात धुवायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या बाह्या सारून नळापाशी गेल्या आणि साबण मागितला.