दुधातला मिठाचा खडा

मी मिठाचा खडा बोलतोय. चाखायला येऊ नका, मी स्वयंपाकघरातला नाही. मुठीएवढा आणि काचेसारखा पारदर्शक असा मी भट्टीत घडलो. हवेतल्या ओलाव्याने बिघडू नये म्हणून मला ॲल्युमिनियमच्या डबीत कायमचं बंद केलं. तेव्हापासून मी अंधारात आहे.

माझं काम एकच. काही पदार्थांची अणुकेंद्रं आपोआप ढासळतात आणि ढासळताना गॅमा किरण सोडतात. असा किरण माझ्यात शिरला की मी क्षणभर चमकतो. प्रत्येक पदार्थाची चमक वेगळी. त्या चमका मोजून यंत्र आकडा दाखवतं.

एका तळघरात, शिशाच्या जाड पेटीत मी राहायचो. दुधाची पावडर तपासणाऱ्या बाई मला जपायच्या. दूर कुठेतरी अणुभट्टीत झालेल्या अपघाताची धूळ कुरणांवर पडली होती. तिच्यातलं किरणोत्सारी सीझियम दुधात उतरलंय का, हे त्यांना बघायचं होतं.

भिंतींतून, जमिनीतूनही थोडे किरण येतातच. म्हणून बाई रोज सकाळी वेगळा ठेवलेला एक रिकामा डबा माझ्यापुढे ठेवून मोजत आणि तो आकडा दिवसभर पावडरीच्या आकड्यांतून वजा करत.

उत्तर यायचं जवळजवळ शून्य. बाई शिक्का मारायच्या, 'निर्दोष'.

पण मी तर चमकत होतो! पावडर समोर आली की सीझियमची चमक मला लगेच ओळखू यायची. मिठाला जागावं म्हणतात. मी तर मीठच. मी खोटं सांगितलं नाही. वजाबाकी माणसांची होती.

एके दुपारी बाईंनी सहज साधं पाणी मोजलं. उत्तर आलं वजा चाळीस.

"अगं बाई! काहीच नसण्यापेक्षा कमी कसं असेल?" त्या पुटपुटल्या. "यंत्रात भूत शिरलंय की काय?"

भूत रिकाम्या डब्यात होतं. यंत्र जुळवायला सीझियमची एक छोटी चकती लागते. काम झालं की बाई ती त्याच डब्यात ठेवत आणि सकाळी डबा मोजण्याआधी काढून घेत. चकतीला तडा गेला होता आणि तिच्यातला एक कण डब्याच्या तळाशी चिकटला होता. रोज तो कण वजा होत होता आणि त्याच्याबरोबर दुधातलं सीझियमही पुसलं जात होतं.

बाईंनी डबा तपासून तो कण शोधला आणि एका बाटलीत बंद केला. तीच पावडर त्यांची नात चिमणी चार महिने पीत होती. "आजीने तपासलंय" म्हणून लेक निर्धास्त होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पेटीतून काढून चिमणीच्या मांडीवर ठेवलं.

"आजी, हा काय करतो?"

"तुझं ऐकतो. गप्प बस."

"गप्प बसले तर ऐकणार काय?"

बाईंना हसू आलं नाही. मला ऐकू येत होतं. प्रत्येक माणसाच्या अंगात असतं ते पोटॅशियम, मंद आणि ओळखीचं. आणि त्याच्या शेजारी, नको तिथे, सीझियम.

बाई कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. परतल्यावर मला पेटीत ठेवता ठेवता त्यांनी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले होते, "चार महिन्यांच्या निकालांवर तुमचीच सही आहे, बाई. आता कशाला दुधात मिठाचा खडा टाकताय?"

"मी म्हटलं, साहेब, खड्याने खरं तेच सांगितलं. खोटी सही माझी."

विक्री थांबली. बाईंची नोकरी गेली. शरीर सीझियम हळूहळू बाहेर टाकतं, म्हणून जाण्याआधीच्या काही महिन्यांत त्यांनी चिमणीला आणखी दोनदा आणलं. तिसऱ्या खेपेला ती चमक उरली नव्हती. बाई तिला कवटाळून रडल्या.

त्यानंतर तळघराला कुलूप लागलं. माझ्या डबीत ओल शिरली आहे, मी पिवळा पडत चाललोय. शेजारच्या बाटलीत तो कण आहे. तीस वर्षांनी तो निम्मा होईल, साठ वर्षांनी पाव. त्याचे किरण अजून येतात आणि मी अजून चमकतो. मोजणारं कोणी नाही. प्रत्येक चमकेसरशी मला 'निर्दोष' शिक्का मारून गेलेले डबे आठवतात. ते ज्या घरांत गेले, तिथल्या मुलांना कोणी माझ्याजवळ आणून बसवलं नाही.

रिकामं समजून जे वजा करता, त्यात एकदा डोकावून बघा. एवढंच माझं मागणं आहे.