धडक माझी

दुसऱ्या टीमच्या शेषाद्रीने गाड्यांच्या शर्यतीत मला पहिल्यांदा ट्रॅककडेच्या भिंतीत घातलं तेव्हा माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. पंचांनी, म्हणजे आमच्यात ज्यांना स्टुअर्ड म्हणतात त्यांनी, गार खोलीत बसून व्हिडिओ बघितला, वडा-सांबार खाल्लं आणि निकाल दिला की ही शर्यतीतली नेहमीची टक्कर, कुणाचाच दोष नाही. कुणाचाच नाही म्हणे! मग हाड काय हौसेने मोडलं? हात गळ्यात बांधलेला, तशीच त्यांच्या दारात उभी राहून मी इतकी ओरडले की नर्सने मला ओढत नेलं.

बरं, तेही सोडा. पुढच्या शर्यतीत आमच्याच टीमच्या तरुणने, म्हणजे माझ्या मामेभावाने, एकाला सरळ गवतात ढकललं, तर त्याला नुसती ताकीद. त्याच्यापुढच्या शर्यतीत माझ्या गाडीचं नाक एकाच्या मागच्या चाकाला जरासं घासलं, तर मला थेट शेवटच्या नंबरवर टाकलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! मी विचारलं, नियम कुठला लावलात तेवढं सांगा. तर म्हणतात, प्रत्येक घटना वेगळी असते. यांच्याकडे नियम नव्हता हो, मूड होता.

मी कीर्तना. मद्रासेत वेस्ट मांबलमला आईबरोबर राहते. आम्ही तंजावरची मराठी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या इकडचीच. घरात जी मराठी बोलतो ती ऐकून पुण्याची माणसं गालातल्या गालात हसतात. पुण्यात दोन वर्षं गाड्यांची चाचणी घ्यायची नोकरी केली तेव्हा मी तुमची मराठी शिकले, म्हणून हे तुम्हाला कळेल असं सांगतेय.

टीम माझ्या मामाची, बालाजीरावांची. जवळच श्रीपेरुंबुदूरला त्यांचा सुट्या भागांचा कारखाना आहे. देशातली जी सगळ्यात वरची शर्यत-मालिका, त्यात त्यांच्या दोन गाड्या धावतात, उघड्या चाकांच्या, डोक्यावर छप्पर नसलेल्या. पहिली मामाच्या मुलाची, तरुणची. दुसरी माझी. पहिलीला नवं इंजिन लागलं की तिचं उतरलेलं माझ्याकडे यायचं. मागून तरुण आला की मी बाजूला व्हायचं, आणि त्याच्या पाठीवर कुणी असेल तर त्याला अडवत बसायचं. मी तरुणपेक्षा वेगवान होते. मेकॅनिकांना माहीत होतं, मामाला माहीत होतं, आणि तरुणला तर सगळ्यात जास्त माहीत होतं.

शेवटच्या शर्यतीआधी मामा घरी जेवायला आला. अजिंक्यपद तरुणला मिळणार की शेषाद्रीला, एवढंच उरलं होतं. हात धुवून मामा देवासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "कीर्ती, ह्या वर्षीं तरुणाला जिंकूं दे. पुढल्या वर्षीं पहिली गाडी तुझी. देवापुढें बोलतों मी."

"मोठा भाऊ शब्द देतोय माझा," आई म्हणाली. "आणखीन काय पाहिजे गं तुला?"

काही नको होतं. तीच गाडी पाहिजे होती. इतकी पाहिजे होती की त्या रात्री मला धड झोपही लागली नाही.

आता रेडिओचं सांगते. शर्यत चालू असताना गाडीतला ड्रायव्हर आणि कडेला बसलेला टीमवाला जे बोलतात ते सगळ्यांना ऐकता येतं, दुसऱ्या टीमला आणि स्टुअर्डनाही. म्हणून बाकीच्या टीम सांकेतिक शब्द ठरवतात. आम्हाला काय गरज? मामा सरळ घरच्या मराठीत बोलायचा. तमिळ माणसांना ती हिंदी वाटायची, हिंदीवाल्यांना तेलुगू. "आपली भाखा ह्या मद्रासेंत कोणाला कळते गं?" म्हणून मामा हसायचा. इतकी वर्षं तेच चाललं होतं.

शर्यत दुपारची. ट्रॅक नुसता तापला होता. शेषाद्री पुढे, त्याच्या मागे मी, माझ्या मागे तरुण. असंच संपलं असतं तर शेषाद्री अजिंक्य. तो शेवटपर्यंत पोचला नाही तर तरुण. थोडे फेरे उरले आणि कानात मामाचा आवाज आला.

"कीर्ती, शेषाद्रीला घाल."

"काय?"

"भिंतींत घाल त्याला. पुढल्या मोठ्या वळणांत."

"मामा, माणूस मरतो अशाने!"

"मरत नाहीं गं. पायाला लागेल, आणखीन काय? गाडी पाहिजे कीं नको तुला?"

"नाही! नाही म्हणजे नाही!" मी हेल्मेटमध्ये किंचाळले.

शपथेवर सांगते, तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं की शेषाद्रीला सरळ गाठायचं, मागे टाकायचं आणि शर्यत जिंकायची. तरुण गेला खड्ड्यात, अजिंक्यपदही गेलं खड्ड्यात. मी आतल्या बाजूने नाक घातलं. शेषाद्रीने गाडी माझ्यावर लोटली. चाकाला चाक भिडलं, माझा आरसा उडाला आणि मी अर्धी गवतात. स्टुअर्डकडून काही नाही, साधा इशारा नाही. मी परत आले. त्याने परत लोटलं, या वेळी अगदी सावकाश, मला भिंत जवळ येताना दिसावी असं. मग सरळ रस्त्यावर माझ्यासमोर त्याने मुद्दाम ब्रेक मारला. माझं नाक त्याच्या मागच्या भागावर आपटून फुटलं, पट्टा खांद्यात घुसला, आणि जिथे मोडलेल्या हाडाला धातूची पट्टी बसवली आहे तिथून अशी कळ निघाली की डोळ्यांसमोर पांढरं झालं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मोठं वळण आलं तेव्हा मी वेगाच्या पेडलवरून पाय उचलला नाही. पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या आत घातलं आणि दाबून धरलं.

त्याची गाडी माझ्या डोक्यावरून गेली. खालचा काळा तळ दिसला, मग आभाळ दिसलं, मग ती उलटी होऊन भिंतीवर आपटली. एकदा आपटून थांबली नाही. भिंतीला घासत, ठिणग्या उडवत गेली आणि पुन्हा उलटून पडली. माझी गाडी गरगर फिरून बाहेरच्या टायरांत घुसली. पट्टे सोडवून मी पळत गेले. शेषाद्री "अम्मा, अम्मा" करून ओरडत होता. मदतीला धावलेले ट्रॅकवरचे मार्शल लोक पत्रा कापत होते. गुडघ्याखाली त्याचा पाय भलत्याच दिशेला वळला होता आणि बुटातून रक्त गळत होतं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? ते रक्त दिसेपर्यंत मला बरं वाटलं. मग मी तिथेच कडेला ओकले.

गाड्या उभ्या करायच्या जागी परतले तर समोरून त्याचा मेकॅनिक रामस्वामी आला. म्हातारा माणूस, शेषाद्रीला लहानपणापासून ओळखणारा. त्याने सरळ माझ्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. दुसरा मारला. मी हात उचलला नाही. त्याचा हक्क होता तो.

पण तरुण! तो अजिंक्यपदाची टोपी घालून आला. बाटलीतलं फेसाळ काहीतरी अंगावर सांडलेलं. माझ्या गालावर थापटी मारली, घरातल्या गड्याला मारावी तशी, आणि म्हणाला, "सेरी, ठीक, अप्पांनीं सांगितल्यासारखें बरोबर केलींस कीं! दुसरी गाडी असावी तर अशी."

अप्पांनी, म्हणजे मामाने, सांगितल्यासारखं. मी हातातलं हेल्मेट फिरवलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. नाक मोडल्याचा आवाज मला स्पष्ट आला. तो करंडकाच्या टेबलावर पडला, टेबल त्याच्याबरोबर पडलं. मी त्याच्या छातीवर बसले आणि हाणत राहिले. "कुणाचं ऐकून? बोल, कुणाचं ऐकून?" असं मी ओरडत होते म्हणे. मला ते आठवत नाही. चौघांनी उचललं तेव्हा माझ्या हातमोज्यावर त्याचा दात चिकटला होता.

स्टुअर्डनी मला आणि मामाला एकत्र बोलावलं. दोघे नेहमीचे होते, तेच वडा-सांबारवाले. तिसऱ्या एक नवीन बाई होत्या, या शर्यतीपुरत्या मुंबईकडून आलेल्या. पिकलेले केस, गळ्यात बारीक क्रूस, समोर पाटी: परेरा. मामा माझ्या कानाशी लागला, "गोव्याची बाई. इंग्रजींत बोल. मी सांभाळतों."

मुख्य स्टुअर्डनी टेप लावली. खोलीभर मामाचा आवाज घुमला, मग माझी किंकाळी. "हे काय बोलणं झालं?" त्यांनी विचारलं.

मामा उभा राहिला. हात जोडले. अशा गोड इंग्रजीत बोलला की मीच बघत राहिले. "सर, ही आमच्या घरची भाषा. मी हिला सांगत होतो, सांभाळ, शेषाद्रीशी भांडू नको, कुणाचे हातपाय मोडतील. ती ऐकेना. आधीचा राग होता. तुम्हीच ऐकलंत ना सर, नाही नाही म्हणून कशी ओरडली ती?"

ऐकलं होतं की सगळ्यांनी! 'नाही' कुणाला कळत नाही? माझ्या तोंडचा तो एकच शब्द खरा होता आणि मामाने त्याचाच फास केला. मी त्याच्याकडे बघितलं. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. ज्याच्या मांडीवर बसून मी गाडीचं चाक पहिल्यांदा हातात धरलं, तो माणूस. मी फाटक्या ओठावर हात दाबून धरला.

मुख्य स्टुअर्डनी मान डोलावली. "म्हणजे टीमचा दोष नाही. ड्रायव्हरने एकटीने केलं. तरुणचं अजिंक्यपद कायम." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर मीही काही संन्यासी नव्हते.

"टेप परत लावा," परेरा बाई म्हणाल्या. पूर्ण ऐकली. मग मामाकडे वळल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "बालाजीराव, मी वसईची. आमची प्रार्थनासुद्धा मराठीत असते. तुम्ही म्हणालात, भिंतीत घाल. पायाला लागेल, आणखी काय. बरोबर ना?"

मामा मटकन खाली बसला. बाईंनी शब्दन्‌शब्द इंग्रजीत करून दोघांना सांगितला. मुख्य स्टुअर्डांचा चेहरा लाल झाला.

"आमच्या वसईच्या बोलीतलं घरचं बोलणंही बाजारात कुणाला कळत नाही," बाई म्हणाल्या. "पण म्हणून आम्ही त्यात कुणाचा पाय मोडायला सांगत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "आता तू. मागच्या शर्यतींत काय निकाल लागले ते मी वाचलंय. तुझ्यावर अन्याय झाला. पण तेव्हा मी इथे नव्हते, आज आहे. तू नाही म्हणालीस आणि नंतर घातलंस. मामाच्या हुकमाने घातलंस की आपल्या मनाने? हुकमाने असेल तर लायसन्स वर्षभर जाईल. आपल्या मनाने असेल तर परत कधी मिळणार नाही. घाई करू नको."

मामाने माझा दंड धरला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खरंखुरं पाणी. "कीर्ती, हो म्हण. मामानें सांगितलें म्हण. मी तर बुडालोंच आहें, तूं कशाला? म्हण गं पोरी."

मला ते 'हो' किती जवळ होतं! एक वर्ष. एक वर्ष म्हणजे काय, डोळे मिटून जाईल. मग पुन्हा ट्रॅक, पुन्हा गाडी, दुसरी कुठलीही टीम. तोंड उघडलं आणि मला तरुणची ती गालावरची थापटी आठवली. अप्पांनीं सांगितल्यासारखें.

"नाही," मी म्हणाले. "मामांनी सांगितलं तेव्हा मी घातलं नाही. नंतर घातलं. त्याने मला तीनदा मारलं आणि माझं डोकं फिरलं. तेव्हा मामा माझ्या डोक्यात नव्हताच. मला त्याला आपटायचं होतं, मी आपटलं."

परेरा बाईंनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी लिहिलं. टीमवर बंदी, तरुणचं अजिंक्यपद रद्द, ते हॉस्पिटलात पडलेल्या शेषाद्रीला. मामाला ट्रॅकवर पाऊल टाकायला मनाई. माझं लायसन्स कायमचं रद्द. कुणालाही सूट दिली नाही बाईंनी, मलाही नाही.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी मामाने मला गाठलं. "वेडी का काय गं तूं?" त्याने मला खांदे धरून हलवलं. "एक हो म्हणायचें होतें! आयुष्य घालवलींस!"

"मामा, तुमच्या टीममध्ये माझं असं काय होतं?" मी ओरडले. फाटका ओठ पुन्हा उघडला, रक्त हनुवटीवर आलं. "सगळं तुम्ही दिलेलं, तरुणने वापरून टाकलेलं. ती धडक तेवढी माझी होती. ती पण तुमच्या नावावर करू?"

त्याने खिशातला रुमाल काढून माझ्या हनुवटीवर धरला. आणि मी, आता आयुष्यात कधी शर्यतीच्या गाडीत बसायचं नाही हे कळून, त्याच्याच खांद्यावर डोकं आपटून भोकाड पसरलं. रडायला माझं असं दुसरं कुणी तिथे नव्हतं.