मास्तरांनी दिलेले पाच गुण

मित्रांनो, मी एक जुनी, निळी स्कोडा गाडी आहे. 'आहे' म्हणते खरी, पण चाके कालच काढून नेली. आता विटांवर उभी आहे. अंगावर जे उरले आहे, त्याच्या आधाराने सांगते.

आरसा आहे तोवर मागचे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या रंगात ढग दिसत. मला वेंदेलीन मास्तरांनी घेतले. डोंगराखालच्या एका स्लोव्हाक गावात ते गणित शिकवत. त्यांना सगळ्यालाच गुण द्यायची खोड होती: कोबीच्या सूपला, हवेला, शेजाऱ्याच्या कुत्र्याला. आमच्याकडच्या शाळांत एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे नापास. कडाक्याच्या थंडीत मी पहिल्या किल्लीला सुरू झाले, की मास्तर थाप मारून म्हणत, "एक!" खोकले तर म्हणत, "तीन. उद्या पालकांना घेऊन ये."

शेजारी बसलेल्या ओतीलियाबाई हसत. "अरे वेंदो, तिचा बाप तूच ना!"

पुढे बाईंची आठवण विरत गेली. त्यांना दरीपलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवावे लागले. नवरा ओळखू येईना. "हे काका रोज का येतात गं?" असे त्या नर्सला विचारत. पण फाटकाशी माझे इंजिन घरघरले की बाई कोट चढवून बाहेर येत, माझ्यात बसत आणि म्हणत, "चल वेंदो, उशीर होतोय."

माझ्या आत तो वेंदो असे. उतरला की पुन्हा काका.

थांबा. कोणीतरी आरसा काढते आहे. गेला.

आता फुटक्या दिव्यापासून.

धुक्यात हरिण आडवे आले. माझे नाक चेपले, इंजिन बंद पडले. मास्तरांच्या लेकीने, झ्लातिकाने, माझा विमा इंटरनेटवरच्या एका परदेशी कंपनीकडे उतरवला होता. कंपनीने मला उचलून या भंगाराच्या आवारात आणून टाकले आणि ती गप्प बसली.

मास्तर बसने येत, माझ्यात बसून फोन लावत. कान मंद, म्हणून आवाज मोठा ठेवत. मी सगळे ऐकले.

"आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे."

"माणूस द्या हो."

"दुरुस्तीसाठी एक दाबा."

"दाबला! कालही दाबला, परवाही दाबला!"

मग गाणे. तेच, पुन्हा पुन्हा.

एकदा मात्र फोनवर खरी मुलगी आली. "आजोबा, गाडी फार जुनी आहे. पैसे घ्या, दुसरी घ्या."

"दुसऱ्या गाडीत माझी बायको मला ओळखणार नाही, बाळ."

मुलगी टाइप करू लागली. "मी तक्रार नोंदवते. ती उघडी आहे तोवर गाडी कोणी मोडणार नाही."

लगेच यंत्र बोलले, "आमच्या सेवेला एक ते पाच गुण द्या."

मास्तर ताठ बसले. "जन्मभर ढ पोरांनाही ढकलून पास केलं. पण या कंपनीला..." आणि त्यांनी पाच दाबला. असा दाबला, की फोन हातातून निसटला.

"दिलात चोप?" आवाराचा रखवालदार बोहूश खिडकीत वाकला.

"नापास!" मास्तर म्हणाले. दोघांनी फ्लास्कमधला चहा घेतला. मलाही अभिमान वाटला, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी संदेश आला. बोहूशने वाचून दाखवला. "सर्वोच्च गुणांबद्दल आभार! आपण समाधानी असल्याने आपली तक्रार बंद करत आहोत."

बोहूशने कपाळावर हात मारला. "मास्तर, काय केलंत हे! त्यांच्यात पाच म्हणजे पहिला नंबर!"

"असं कुठं असतं का?" मास्तर हळूच म्हणाले.

त्यांनी फोन लावला. पुन्हा लावला. "आपली तक्रार आपल्या समाधानाने बंद झाली आहे." ती मुलगी परत सापडली नाही. मला मोडायचा हुकूम आला.

दिवाही गेला. सीट उरल्या आहेत, तेवढ्यात आज सकाळचे सांगते.

झ्लातिका आई-वडिलांना आपल्या नव्या, आवाज न करणाऱ्या गाडीतून घेऊन आली. बाई सगळा रस्ता 'त्या काकां'कडे पाठ करून बसल्या होत्या, असे ती बोहूशला म्हणाली. बाईंनी मला पाहिले. नाक नाही, चाके नाहीत. तरी येऊन बसल्या आणि वाट पाहत राहिल्या.

मास्तरांनी किल्ली फिरवली. काहीच नाही.

मग त्या करड्या गणितमास्तरांनी ओठ मिटले आणि तोंडाने आवाज काढला. घर्रर्र.

बाईंचा चेहरा उजळला. "चल वेंदो, उशीर होतोय. आज खोकतेय रे ही!"

मास्तर मान हलवत राहिले. त्यांना खूप बोलायचे असावे. पण बोलायचे तर इंजिन थांबणार. म्हणून ते घरघरत राहिले आणि बाई त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून कुठली कुठली वळणे सांगत राहिल्या.

शेवटी दम संपला.

बाईंनी हात काढून घेतला. "काका," त्या म्हणाल्या, "मला घरी सोडाल का?"

मित्रांनो, उद्या मला चेपून माझा ठोकळा करतील. मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणी त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला बसेल. तेव्हा समोरच्याकडे गुण मागू नका. त्याला एवढेच विचारा: गाडी सुरू झाली का?