लाल तळव्यांचं शिबिर

हिंगणा रोडवरच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी लग्न नव्हतं, तरी दारातला चपलांचा ढीग लग्नातल्यापेक्षा मोठा होता. नागपुरातला मे महिना, कूलर नुसतीच गरम हवा फेकत होते, आणि अशा उन्हात शेकडो बायका अंगातली उष्णता काढून घ्यायला जमल्या होत्या. ही उष्णता बाहेरची की आतली, हे ठरवण्याचा अधिकार फक्त माँ शीतलेश्वरी यांना होता.

स्टेजवर भलामोठा फलक झळकत होता: ‘पाळी जाते, आयुष्य येते! मन, शरीर, आत्मा: तिन्हींचा एकाच पात्रात संपूर्ण उपचार.’ त्याखाली पांढऱ्या सोफ्यावर माँ बसल्या होत्या. स्वतःच्या अंगातली आग त्यांनी केव्हाच जिंकली होती म्हणे, तरी त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन टेबलफॅन फिरत होते.

समोर पितळी वाटगं होतं. त्यात ‘हिमशिला’ नावाचा पांढरा खडा, आणि वाटग्याच्या तोंडावर ताणून बांधलेलं पांढरं शुभ्र कापड. बाईनं हळद लावलेले तळवे शेजारच्या घंगाळातल्या पाण्यात, म्हणजे ‘तीर्थात’, बुडवायचे आणि निथळते तळवे कापडावर टेकवायचे. थोड्याच वेळात वाटगं चटके देऊ लागायचं, वाफ निघायची, आणि हात उचलले की कापडावर लालभडक पंजे उमटलेले दिसायचे.

“हे पाहा बेटा, तुमची आग! हे तुमचं दूषित रक्त!” माँ माइकमध्ये ओरडायच्या. “टॉक्सिन! हॉर्मोनचं टॉक्सिन! डॉक्टर तुमचे तुकडे करतो. गुडघ्याचा डॉक्टर वेगळा, थायरॉइडचा वेगळा, डोक्याचा वेगळा. माँ तुम्हाला पूर्ण पाहते!”

शेवटची वाक्यं इतकी बरोबर होती की त्यांच्या आडून काहीही खपवता आलं असतं, आणि खपतही होतं.

चौथ्या रांगेत बसलेल्या प्रेमलताबाईंना हीच गोष्ट खुपत होती. पंचवीसेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. खोट्याची त्यांना चीड होतीच, पण खऱ्याची वस्त्रं नेसून हिंडणाऱ्या खोट्याला पाहिलं की त्यांचं डोकं फिरायचं. आज मात्र त्या गप्प होत्या, कारण शेजारी त्यांची धाकटी बहीण सुभद्रा बसली होती, आणि सुभद्राशी त्यांनी सौदा केला होता.

सुभद्राची पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. रात्री अंगाची लाही व्हायची, झोप उडालेली, सांधे धरलेले, आणि लहानसहान गोष्टीवरून रडू यायचं. एका डॉक्टरकडे गेली, तर त्यांनी मान वर न करता सांगितलं, “या वयात होतंच.” घरी तर तेवढंही कोणी बोललं नाही. मग शेजारणीनं माँचा पत्ता दिला. माँच्या सांगण्यावरून सुभद्रानं थायरॉइडची गोळी बंद केली. पहिल्या शिबिरानंतर तळव्यांची सालं निघाली, ते ‘कर्म गळून जाऊन राहिलं’ म्हणून साजरं झालं. आणि आता महिनाभरापासून तिला पुन्हा रक्तस्राव सुरू झाला होता.

“सुभे, पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं तर एक दिवसही थांबायचं नसते वं,” प्रेमलताबाईंनी हात जोडले होते.

“माँ म्हणते तारुण्य परत येऊन राहिलं. तू एकदा चाल माह्यासोबत, हात ठेव. तेवढं केलं तर येईन तुह्या डॉक्टरकडे. नाही तं नाव नको काढू.”

म्हणून त्या आल्या होत्या. आजच्या दिवसात बहिणीला तिथून उठवून दवाखान्यात नेता आलं नाही, तर पुढे काय होईल या विचारानं त्यांना आठवडाभर अन्न गोड लागलं नव्हतं.

हातात हळदीकुंकवाची कोयरी घेऊन एक सेविका रांगेतून फिरू लागली. प्रत्येकीच्या तळव्यावर हळद, कपाळावर कुंकू. सुभद्राच्या तळव्यांना तिनं प्रेमानं हळद चोळली. प्रेमलताबाईंपाशी आली, मोकळा गळा पाहिला आणि थबकली.

“तुमचे मिस्टर?”

“वारले.”

सेविकेनं कोयरी झटकन मागे घेतली, चटका बसल्यासारखी. “तुम्ही तशाच बसा काकू. माँ सांभाळून घेतील.”

असा अपमान प्रेमलताबाईंच्या अंगवळणी पडला होता. एरवी त्यांनी तिथल्या तिथे चार शब्द सुनावले असते. या वेळी त्यांना हसू आलं. कोणाला हळद लावायची आणि कोणाला नाही, याचा नियम सेविकेला पक्का पाठ होता. हळद तिथे कोणतं काम करते, एवढंच तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सुभद्राचा नंबर आधी लागला. वाफ निघाली, लाल पंजे उमटले, टाळ्या पडल्या. रक्तस्रावाचं ऐकून माँ गहिवरल्या. “जुनं रक्त वाहून जातंय बेटा, कोणती तपासणी करू नको. सुई लागली की एनर्जी फुटते.”

सुभद्रानं डोळे पुसले. नवं वाटगं, नवं कापड आलं, तशा प्रेमलताबाई स्टेजवर चढल्या आणि तीर्थात बुडवलेले कोरे तळवे टेकवून बसल्या. वाटगं तापलं. वाफही आली. हात उचलले. कापड ओलं झालं होतं, पण पांढरंच्या पांढरं.

हॉलमध्ये कुजबूज उठली. माँनी माइक सावरला. “पाहा! या माउलीचं दुःखानं रक्तच गोठलंय. टॉक्सिन बाहेर यायला तयार नाही!”

“आग मात्र आली,” प्रेमलताबाई म्हणाल्या. “गोठलेल्या रक्ताची आग बरी येते माँ! मी विधवा म्हणून तुमच्या पोरीनं मले हळद लावली नाही, तर दूषित रक्तही रुसलं काय? वसंतराव, या जरा इकडे.”

सुभद्राचा नवरा वसंत कूलरशेजारी इतर नवऱ्यांसोबत मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तो दचकला. “मी? मी कायले ताई?”

“या म्हणते ना!”

मेहुणीचा आवाज वर्गातला होता, त्यामुळे तो आपोआप उठला. सेविका आडव्या आल्या, पण समोरच्या बायका आता मजा पाहायला पुढे सरकल्या होत्या. “येऊ द्या नं त्यायले! माँ तं सगळ्यायचीच हाय!” कोणीतरी म्हणालं. प्रेमलताबाईंनी कोयरी ओढून घेतली, वसंताच्या रुंद तळव्यांना हळद फासली, ते तीर्थात बुडवले आणि पुढच्या तयार वाटग्यावर दाबले.

वाटगं तापलं. वाफ आली. मिशीवाल्या, सव्वासहा फुटी वसंताचे दोन लालभडक पंजे कापडावर उमटले.

“काय हो वसंतराव,” प्रेमलताबाईंनी माइक जवळ ओढला, “तुमची पाळी कवा गेली?”

हॉल असा हसला की कूलरचा आवाज ऐकू येईना. पण माँ काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. “हर पुरुष में आधी स्त्री है!” त्यांनी डोळे मिटले. “शिवाचं अर्धनारी रूप आज तुम्ही पाहिलं!” आणि काय सांगावं, पुढच्या रांगेतल्या चारदोन बायकांनी खरोखर वसंतालाच हात जोडले.

प्रेमलताबाईंनी कपाळावर हात मारला. “थांबा बायांनो. आता बाईही नको, माणूसही नको. मागे सरका, डोळे सांभाळा.” आणखी एका तयार वाटग्याचं कापड काढून त्यांनी पाण्याची बाटली लांबूनच खड्यावर ओतली. खडा सुस्कारला, तडकला, फुटला, आणि वाटगं खदखदा उकळू लागलं.

रांगेतून प्रयागबाई नावाच्या म्हातारीचा खणखणीत आवाज आला, “अवं माय! हा तं कळीचा चुना व्हय!”

“बरोब्बर! दिवाळीआधी भिंती पोतायले आपण डब्यात भिजवतो, तोच. पाणी लागलं की तो तापतो. आणि हळदीले चुना लागला की ती लाल होते. कुंकू त्याच्यानंच बनते. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो, हे आपण जलमभर पाहून राहिलो. कापडाच्या घडीत चुन्याची भुकटी भुरभुरली आहे, हात लावून पाहा. नाही, नका लावू, सुभीच्या तळव्यायची सालं अशीच निघाली. तुमच्या घरचा चुन्याचा डबा उकळतो, तेव्हा त्याले कोणाची रजोनिवृत्ती झाली म्हणून तुम्ही टाळ्या वाजवता काय?”

माँना त्याच क्षणी ध्यानाची हाक आली. ती मागच्या दाराकडून आली असावी, कारण त्या त्याच दारानं गेल्या. त्या गेल्यावरही दोन्ही टेबलफॅन मात्र फिरत राहिले.

सुभद्रा खुर्चीतच बसून होती. प्रेमलताबाईंना वाटलं, आता ही भडकणार. ती फक्त म्हणाली, “चाल ताई. कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं ते ने.”

दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर भैरवींनी आधी मान वर केली, मग खुर्ची जवळ ओढली. झोप, थायरॉइड, गुडघे, घाम, मन, जेवण, चालणं, सगळं एकाच बाईचं म्हणून एकत्र विचारलं. घरात काम कोण कोण करतं, हेही विचारलं. वसंतानं तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर फार बारकाईनं वाचलं. सोनोग्राफी झाली, गर्भाशयातला छोटा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर नव्हता. गर्भाशयाचं अस्तर मात्र नको तितकं जाडावलं होतं, आणि आणखी वाट पाहिली असती तर ते कोणत्या वाटेनं जाऊ शकलं असतं, हे डॉक्टरांनी न घाबरवता सांगितलं. उपचार सुरू झाले. थायरॉइडची गोळी पुन्हा सुरू झाली. अंगाची लाही एका दिवसात गेली नाही, कारण डॉक्टरांकडे वाटगं नव्हतं. हळूहळू झोप येऊ लागली.

एका संध्याकाळी प्रेमलताबाई तिला म्हणाल्या, “त्या बाईनं किती फसवलं वं तुले.”

“चुन्यानं नाही फसली मी ताई,” सुभद्रा म्हणाली. “पहिल्या दिवशी तिनं माह्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, ‘रात्री झोप येते का बेटा?’ दोन वर्षं मी रातभर खिडकीत बसून राहत होती. घरात हे कोणी काहून नाही विचारलं? तू तरी?”

हे आपल्यापैकी कितीजणांनी घरात विचारलं असेल कोण जाणे. चमत्कार दिसला की विचारा, कसा झाला? गोळी बंद करायला कोणी सांगितलं की विचारा, का? डॉक्टर मान वर करत नसेल तर त्यालाही विचारा, आणि तरीही करत नसेल तर दुसरा गाठा. पण त्याच्याही आधी, आज रात्री जेवताना, समोर पोळी वाढणाऱ्या त्या पन्नाशीच्या बाईला विचारा, झोप येते का तुला? हे आपण विचारलं नाही, तर विचारायला कोणीतरी हळद-चुना घेऊन बसलेलंच असतं.