अखंड माल

"काका, एवढं नीट कशाला करता? नुसतं जोडलेलं दिसलं पाहिजे," मुकादम म्हणाला.

मी वेल्डिंगची मशीन बंद केली आणि तोंडावरची काच वर केली. समोर ट्रेलरवर दोन लोखंडी तुळया शेजारी शेजारी पडल्या होत्या. वजनाच्या मर्यादेबाहेरचा माल रस्त्यावरून न्यायचा तर परवाना लागतो, आणि तो सुटा करता न येणाऱ्या मालालाच मिळतो. तुळया दोन, म्हणजे गाड्या दोन. मालकाला एकाच गाडीत भागवायचं होतं. म्हणून दोन्हींची एक करायची, परवान्याच्या साहेबांना दाखवायची आणि बांधकामावर पोचली की पुन्हा कापायची.

"जोडीन तर नीट जोडीन," मी म्हणालो.

"मग तिकडे कापत कोण बसणार? तुमचे जावई?"

जावई केबिनमध्ये बसून हसले. गाडी तेच चालवणार होते. मला ते हसणं आवडलं नाही.

"मग तुम्हीच जोडा." मी हातमोजे काढून ठेवले.

मुकादमाने जोडलं. जोडलं कसलं, दोन्ही टोकांना थुंकल्यासारखं केलं आणि वरून राखाडी रंग फासला. साखळ्या एकाच तुळईवर आवळल्या. मी दुसऱ्या तुळईकडे बोट दाखवलं, तर म्हणतो, "ती आता वेगळी कुठे राहिली?"

साहेब आले. रंग ओलाच होता. त्यांनी बोट टेकवलं, बोटाकडे पाहिलं.

"एकच आहे ना?"

"अखंड, साहेब!" मुकादम म्हणाला.

"दोन आहेत," मी म्हणालो.

साहेबांनी ऐकलंच नाही. खिशातून रुमाल काढून बोट पुसलं, रुमाल तिथेच टाकला आणि परवान्यावर सही केली. मी केबिनपाशी गेलो.

"जावईबापू, ही खेप सोडा."

"सोडली तर गाडीवर दुसरा बसेल, मामा. मग घरी काय सांगू?"

त्यांना एकटं सोडवेना. मी शेजारी चढलो. त्यांच्या डोक्यामागे माझ्या लेकीने जुन्या कापडाची शिवलेली छोटी उशी बांधलेली होती.

कालव्याच्या उतारावर सायकलवरून एक बाई आडवी आली. जावयांनी ब्रेक दाबला. मागून असा दणका बसला की माझे दात दातांवर आपटले. बाई मागे न बघता निघून गेली.

खाली उतरून पाहिलं. बांधलेली तुळई जागच्या जागी होती. दुसरी पुढे सरकून केबिनच्या पाठीत घुसली होती. पत्रा आत दबला होता, उशीच्या बरोबर मागे. जोडाच्या जागी नुसते रंगाचे पापुद्रे लोंबत होते.

मागून मोटारसायकलवर मुकादम आला. गाडीभोवती फिरला आणि खरंच हायसं वाटल्यासारखा म्हणाला, "चला, कापायचं काम वाचलं! पत्र्यावर जरा रंग मारू. उद्या परत खेप आहे."

जावयांनी चाकांना दगड लावले आणि केबिनमध्ये चढले. मला वाटलं, जागा साफ करताहेत. ते उशीच्या गाठी सोडत होते. उतरल्यावर त्यांनी किल्ली मुकादमाच्या हातात दिली आणि उशी काखेत धरून चालू लागले.

बरंच पुढे गेल्यावर म्हणाले, "मामा, हे घरी सांगू नका."

मी त्यांच्याकडून उशी घेतली आणि तिच्यावरची गंजाची पूड झटकत राहिलो.