पाठमोरा माळी

शैलजाने ब्रश डब्यात ठेवून दिला. हातात राहिला असता तर तो सदाशिव पारख्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला नक्की लागला असता.

"पण तोंड कुठंय?" पारख्यांनी शिडीखालून चित्राकडे बघत पुन्हा विचारलं.

"पलीकडे."

"पलीकडे म्हणजे?"

"तो पाठमोरा आहे, काका. तोंड पलीकडेच असणार."

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका जुन्या गोदामात ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनागृह होतं. नाशिक, धुळे, नगरकडून कारखान्यांत आलेली माणसं रविवारी तिथे जमत. वेदीमागच्या कोऱ्या भिंतीवर ईस्टरच्या आत चित्र हवं, असं पंचकमिटीत ठरलं आणि सिल्वासाच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या शैलजाला सांगितलं गेलं. तिने पुनरुत्थानाची पहाट काढली. कोपऱ्यात उघडी कबर, तिच्यापाशी रडवेली मरीया, आणि पुढे तिच्याकडे पाठ करून रोपांना पाणी घालणारा प्रभू येशू. बायबलात मरीयेला तो आधी माळी वाटला होता, म्हणून शैलजाने माळीच काढला. त्यासाठी रांधा गावच्या रोपवाटिकेतल्या लखनला तिने कितीतरी सकाळी पाठमोरं रेखाटलं होतं. उन्हानं रापलेली मान, पाठीला चिकटलेला सदरा.

सूतगिरणीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले पारखे आता कमिटीचे प्रमुख होते. माल परत पाठवायच्या नजरेने ते भिंतीकडे बघत होते.

"लोक आठवडाभर धूर खातात. रविवारी एक सुंदर चेहरा दिसावा, तर ही पाठ. तीही घामेजलेली."

"सुंदरच आहे ती."

"आमच्या कॅलेंडरवर बघा. निळे डोळे, मऊ केस. देवाला शोभतं ते."

"मरीयेला तरी तो कुठं ओळखू आला होता?"

"मरीयेचं सोडा हो. लोकांना कळायला नको?"

रोज कुणी ना कुणी असं सांगून जाई. एकाला डोक्यामागे तेजोवलय हवं होतं, एकीला कोकरू. कुणी व्हॉट्सॲपवर गुलाबी ढग पाठवले. मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब म्हणाले, "तुझं आणि पारख्यांचं, दोघांचंही बरोबर आहे," आणि शैलजाला सगळ्यात जास्त राग त्यांचाच आला. लहानपणी तिचे वडील तिला एखाद्या पानासमोर, भांड्यासमोर बसवून ठेवत. देवानं आधी घडवलं आणि मग थांबून पाहिलं, ते म्हणत. आपल्याला घडवता येत नाही, निदान नीट पाहावं तरी. तेव्हापासून कुठलीही गोष्ट होती त्याहून गोड करून काढणं तिला खोटं बोलण्यासारखं वाटे. देवाच्या कामात खोट काढल्यासारखंही.

पारखे गेले. शैलजा शिडीवरून उतरली, तर शेवटच्या खुर्चीवर नलिनी बसलेली. किलवणीला राहणारी, पॅकिंगच्या कामावर जाणारी. तिचा नवरा संजू गेल्या वर्षी कारखान्यातल्या अपघातात गेला होता. तेव्हापासून ती उपासनेला यायची, मागे बसायची आणि कुणाशी न बोलता निघून जायची.

"तुम्हालाही तोंड हवंय का?" शैलजाच्या तोंडून तिरसटपणे निघून गेलं.

"नाही ताई." नलिनी चित्राकडेच बघत होती. "तो निघून चाललाय का?"

"कोण?"

"प्रभू. चाललाय ना तो?"

"अहो नाही, तो माळी..." सगळ्यांना दिलेलं स्पष्टीकरण शैलजाने सुरू केलं.

"संजू असाच गेला," नलिनी म्हणाली. "सेकंड शिफ्टला. डबा घरीच राहिला म्हणून मी दारातून हाक मारली. रस्त्यावर टेम्पोंचा आवाज. त्याला ऐकूच नाही आलं. पाठ तेवढी दिसत राहिली."

शैलजा फडक्याला हात पुसत राहिली. हात कधीच स्वच्छ झाले होते.

"चित्र चांगलं आहे," नलिनी उठत म्हणाली. "मी इथं मागं बसते, इथून मला फार दिसत नाही."

पुढचे काही दिवस शैलजा यायची, भिंतीसमोर बसायची आणि ब्रश न भिजवता परत जायची. चित्र चुकलं नव्हतं. ती बाईही चुकली नव्हती. याच गोष्टीने चिडून ती घरी भांडी आपटत होती. तिकडे पारख्यांना आशा वाटू लागली. त्यांनी कॅलेंडर आणून वेदीवर ठेवलं.

शेवटी ती रांध्याला गेली.

"लखन, तू काम करत राहा. मी मागून हाक मारीन."

"कशाला?"

"बघायचंय."

तिने हाक मारली. पुन्हा मारली. लखन वैतागून "अरे बोला ना!" म्हणेपर्यंत मारत राहिली. दर वेळी तेच व्हायचं. चेहरा वळायच्या आधी मान जराशी कलायची, हातातल्या झारीचं पाणी वाकडं पडायचं आणि कान पुढे यायचा.

ईस्टरच्या आदल्या दिवशी पारखे भिंतीसमोर उभे राहिले. माळ्याची मान किंचित वळली होती. झारीची धार रोप सोडून मातीत पडत होती. एक कान दिसत होता आणि गालाच्या हाडाची कड.

"इतक्या दिवसांत नुसता कान?"

"हो."

"आणि तोंड?"

"येतंय," शैलजा म्हणाली आणि शिडी मिटू लागली.

पारख्यांनी कॅलेंडर काखेत मारलं.

दुसऱ्या दिवशी गोदाम भरलं होतं. गाणी झाली, संदेश झाला. ज्यांना मोठ्याने प्रार्थना करायची असेल त्यांनी करावी, असं पाळकसाहेब म्हणाले. नेहमीच्या दोघातिघांनी नेहमीचे आभार मानले. मग मागची खुर्ची सरकली.

नलिनी उभी होती. तिने डोळे मिटले नव्हते, हात जोडले नव्हते; नजर भिंतीवरच्या प्रभूवर होती.

"मला तुझा राग आलाय," ती म्हणाली. आवाज आधी बारीक होता, मग चढत गेला. "लई राग आलाय. पोरं रोज बापाचं विचारतात, मी काय सांगू त्यांना? तू काहीच बोलत नाहीस. मी एकटीनं किती करायचं?"

लोकांनी मिटलेले डोळे उघडले. पहिल्या रांगेतले पारखे, चेहरा लाल झालेला, खुर्चीच्या हाताला धरून उठू लागले.

शेजारी बसलेल्या शैलजाने त्यांची बाही धरून त्यांना खाली ओढलं.

"बसा काका," ती म्हणाली. "तिचं अजून झालं नाही."