त्रेसष्ट फोटो, चार सेकंद

सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी माझ्यातल्या त्रेसष्ट फोटोंची नावे बदलली. चार सेकंद लागले.

मित्रांनो, मिरकरवाडा बंदरावर मासे विकणाऱ्या बायकांची एक संस्था आहे. मी तिथला जुना संगणक. बारा वर्षांपूर्वी आलो तेव्हा मला हार घातला होता. बर्फाच्या पावत्या, सभेच्या नोटिसा, सगळे मीच छापले. मग खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजले, लॅपटॉप आला आणि माझ्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले. या आठवड्यात लॅपटॉप दुरुस्तीला गेला, म्हणून कारकून नम्रताने ते कप उचलले.

उद्या नवी मासळी शेड सुरू होते. जिच्याकडे फोटोचे ओळखपत्र, तिलाच आत जागा. फोटो साडेचारला छपाईला जायचे होते. नम्रताने माझ्या पडद्यावर, हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली: पहिल्या फोटोला सभासद यादीतले पहिले नाव, दुसऱ्याला दुसरे, असे शेवटपर्यंत. मी तसेच केले.

बाराला संस्थेची सभासद कमळामावशी टोपली दारात ठेवून आत आली आणि पडद्याकडे बघतच राहिली.

"अगो बाय, माज्या नावावर ही सुंदरा? जिवंतपणी माजी जागा खाल्लीन!"

"मावशी, यादीप्रमाणेच लावलीत नावं."

"यादीप्रमाणं बसायला ती काय शाळा हाय? फोटोवाला आला तेव्हा आम्ही आपापल्या जागेवर बसलेल्या. तसेच काढलेन त्याने."

कॅमेऱ्यातले मूळ फोटो पुसून झाले होते. सुंदराचे नाव आता तिच्या खऱ्या फोटोला दिले असते, तर त्या नावाने आधीच ठेवलेला दुसरीचा फोटो पुसला जाऊन कायमचा गेला असता. नम्रताने आधी सगळ्यांची प्रत काढली, पुन्हा नुसते क्रमांक दिले. मग मावशी एकेक चेहरा ओळखू लागली.

मित्रांनो, एक विनंती आहे. आम्हाला हुकूम देण्याआधी प्रत ठेवा आणि निदान एक फाईल उघडून पाहा. चूकही आम्ही तितक्याच वेगाने करतो.

एकेचाळिसाव्या फोटोशी मावशी थांबली.

"ही तुळसाची सून, मनस्वी. तुळसा इस्पितळात हाय. जागा रिकामी दिसली की दुसरीची टोपली येते, म्हणून हिला बसवलीन."

सभासद तुळसा आहे. तिचा फोटोच नव्हता.

साडेचारला बासष्ट फोटो छपाईला गेले. उरलेल्या एका फोटोसाठी छापखाना सहापर्यंत थांबणार आहे. मनस्वी सासूचा फोटो काढायला इस्पितळात गेली आहे. आता पाच वाजून वीस मिनिटे झाली आहेत आणि तो फोटो अजून माझ्याकडे आलेला नाही.